कुत्र्याला सॉसेज-सलामी: सवय कशी सोडवायची, आणि खाल्लंच तर काय करायचं, कोणत्या क्रमाने

सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर कुत्री घेऊन येणाऱ्यांच्या खिशात हल्ली बिस्किटांऐवजी सॉसेजचे तुकडे दिसतात. हाक मारली की कुत्रं धावत येतं, कारण वास जबरदस्त असतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "अहो, चिकनच तर आहे."

चिकन आहे, पण नुसतं चिकन नाही. सॉसेज, सलामी, हॅम, बेकन, पेपरोनी, गोव्याची माळेतली सॉसेजं या सगळ्यांत मीठ भरपूर असतं, आणि बहुतेकांत चरबी, मसाला आणि मांस टिकवणारे क्षारही असतात. माणसाच्या जिभेसाठी आणि माणसाच्या वजनाला धरून बनवलेला हा पदार्थ आपण आठ-दहा किलोच्या जिवाला देतो.

"देऊ नका" हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. चूक होते ती पुढच्या दोन गोष्टींत. एक म्हणजे पर्याय तयार नसताना सॉसेज बंद केलं जातं, कुत्रं रुसतं आणि चौथ्या दिवशी पाकीट पुन्हा फ्रीजमध्ये येतं. दुसरी म्हणजे कुत्र्याने अख्खं पाकीट फस्त केल्यावर आधी घरगुती उपाय होतात, मग ओळखीच्यांना फोन जातात आणि डॉक्टरांचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. हा लेख त्या क्रमासाठी आहे.

तुमच्या कुत्र्याने हे आत्ताच खाल्लं असेल तर बाकीचं नंतर वाचा. थेट टप्पा ६ वर जा.

## टप्पा १: कोण, कधी, किती देतं ते आठवडाभर लिहा

फ्रीजच्या दारावर एक कागद लावा. कुत्र्याच्या तोंडात जेवणाव्यतिरिक्त जे जे जातं ते सात दिवस त्यावर लिहायचं. घरातल्या प्रत्येकाला सांगा: आजोबांना, मुलांना, कामाला येणाऱ्या मावशींना. खाली वॉचमनकाकांनाही विचारा, कारण सोसायटीतली लाडकी कुत्री तिथे थांबून काही ना काही मिळवतातच. रविवारच्या पिझ्झ्यावरचा पेपरोनीचा काप, मुलाच्या डब्यातून परत आलेलं सॅन्डविच, कोणी आलं म्हणून तळलेलं सॉसेज, हे सगळं त्यात धरायचं.

या आठवड्यात कोणाला रागवू नका. रागावलात की लोक लिहायचं थांबवतात, देणं मात्र चालू राहतं. आजोबांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना खरा आकडा दिसू द्या.

त्याच कागदावर वरच्या बाजूला चार गोष्टी ठळक लिहा: कुत्र्याचं वजन, चालू असलेली औषधं, नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर. वजन अंदाजे नको. कुत्र्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. रात्रीच्या दवाखान्याला आज दुपारीच फोन करून विचारा की रात्री अकरानंतर डॉक्टर स्वतः हजर असतात की फक्त मदतनीस असतो. "चोवीस तास" अशी पाटी बघून निर्धास्त राहू नका. कोथरूडहून नदीपलीकडे जायला संध्याकाळी सात वाजता किती वेळ लागतो हे पुणेकराला सांगायला नको, म्हणून जवळचा एक दवाखाना आणि लांबचा एक, असे दोन नंबर ठेवा.

तपासा: सात दिवसांनी कागदावर किमान तीन वेगवेगळ्या माणसांची नोंद आहे का? एकाच माणसाचं अक्षर दिसत असेल तर नोंद अपुरी आहे.

## टप्पा २: पाकीट मागच्या बाजूने वाचा

पुढच्या बाजूला "प्रोटीन", "ताजं", "प्रीमियम" असं काहीही लिहिलेलं असतं. तिकडे बघू नका. पाकीट उलटा आणि चार गोष्टी शोधा.

सोडियम. पोषणमूल्यांच्या चौकटीत दर १०० ग्रॅमला किती मिलिग्रॅम सोडियम आहे ते दिलेलं असतं. सोडियम म्हणजे मीठ नव्हे. १ ग्रॅम मिठात सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं.

उदाहरणच घेऊ. तुमचा पॉम ८ किलोचा आहे आणि दिवसाला साधारण ५०० कॅलरी खातो. एवढ्या आहारात त्याला किमान लागणारं सोडियम सुमारे १०० मिलिग्रॅम आहे, आणि तेवढं तर त्याच्या रोजच्या अन्नातून येतंच. पाकिटावर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम लिहिलंय असं धरा. ४० ग्रॅमचं एक सॉसेज दिलं की ३२० मिलिग्रॅम सोडियम वर गेलं, म्हणजे दिवसभराच्या गरजेच्या तिप्पट, एका तुकड्यात.

इथे घाबरवण्यासाठी खोटं सांगायचं नाही. निरोगी कुत्रं भरपूर पाणी पिऊन जास्तीचं मीठ लघवीतून बाहेर टाकतं. मिठाची खरीखुरी विषबाधा व्हायला वजनाच्या दर किलोला २ ते ३ ग्रॅम मीठ पोटात जावं लागतं. ८ किलोच्या कुत्र्यासाठी हे किमान १६ ग्रॅम मीठ झालं आणि या उदाहरणातल्या सॉसेजच्या हिशेबाने तेवढं मीठ जवळजवळ पाऊण-एक किलोत येतं. त्यामुळे एका सॉसेजने कुत्रं मिठाने दगावेल ही भीती चुकीच्या ठिकाणी आहे. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्याला हेच रोजचं सोडियम झेपत नाही. पाण्याचं भांडं रिकामं असेल, मे महिन्याची दुपार असेल किंवा पिल्लू दोन किलोचं असेल, तर हिशेब पार बदलतो.

चरबी. माझ्या मते मिठापेक्षा इथे जास्त लक्ष द्यायला हवं. कातडं काढलेल्या चिकनच्या छातीच्या उकडलेल्या तुकड्यात १०० ग्रॅमला ३ ते ४ ग्रॅम चरबी असते. सॉसेज-सलामीत ती बहुतेक वेळा १० ग्रॅमच्या पुढे असते, डुकराच्या मांसाच्या प्रकारांत २० ते ३० किंवा त्याहूनही जास्त. इतकी चरबी एकदम पोटात गेली की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. डॉक्टर याला पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. हा आजार फार दुखवणारा आहे आणि त्याने कुत्री दगावतातही.

मसाले. घटकांच्या यादीत कांदा पावडर किंवा लसूण पावडर असं सरळ लिहिलेलं असेल तर निर्णय सोपा आहे. पण बऱ्याचदा फक्त "मसाले" एवढाच शब्द असतो. त्यात कांदा-लसूण नाही असं गृहीत धरू नका, आहे असंच धरा. कांदा-लसणातले घटक कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात. शिजवून, तळून किंवा वाळवून हा परिणाम जात नाही. उलट पावडरमध्ये पाणी निघून गेल्यामुळे तो जास्त तीव्र होतो. रोज थोडंथोडं गेलं तरी नुकसान साठत जातं.

टिकवणारे क्षार. यादीत हे बऱ्याचदा आयएनएस क्रमांकाने लिहिलेले असतात: २५० म्हणजे सोडियम नायट्राइट, २५१ आणि २५२ म्हणजे नायट्रेट. मांसाचा गुलाबी रंग यांच्यामुळेच टिकतो. नेहमीच्या एखाद्या तुकड्यातल्या प्रमाणाने विषबाधा होत नाही, पण नायट्राइट खूप जास्त गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि हिरड्या तपकिरी-करड्या दिसू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस माणसासाठी कर्करोगकारक गटात टाकलं. तो निष्कर्ष माणसांबद्दलचा आहे, कुत्र्यांवर जसाच्या तसा लावता येत नाही. तरी आपण स्वतः कमी खावं असं ज्याबद्दल सांगतात ते त्यांना रोज देण्याचं कारण मला सापडत नाही.

थांबा: गोव्याची सॉसेजं पुण्यात कॅम्पात आणि इतरत्रही मिळतात आणि बऱ्याच घरांत आणली जातात. त्यांत चरबी, मीठ, लसूण, मिरची आणि व्हिनेगर तर असतंच, शिवाय माळेतला प्रत्येक मणी दोऱ्याने बांधलेला असतो. हा दोरा कुत्र्याच्या पोटात गेला तर आतड्यात अडकून आतडं कापू शकतो. पिशवी ओट्यावर उघडी ठेवू नका आणि कापलेला दोरा लगेच झाकणाच्या कचरापेटीत टाका.

## टप्पा ३: आपलं कुत्रं कोणत्या गटात आहे ते ठरवा

याला दोन मिनिटं लागतात, पण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

पुढीलपैकी काहीही असेल तर सॉसेज आजपासून पूर्ण बंद, हळूहळू कमी करणं नाही: वय सहा महिन्यांच्या आत, हृदयाची किंवा मूत्रपिंडाची तक्रार, मधुमेह, पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली, वजन जास्त. मिनिएचर श्नाउझर, कॉकर स्पॅनियल आणि डॅशहुंड यांच्यात स्वादुपिंडाचा त्रास जास्त दिसतो, म्हणून त्यांनाही याच गटात धरा. म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांत हृदयाच्या झडपेचा विकार बराच आढळतो. त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या पॉमला खोकला येत असेल तर आधी डॉक्टरांकडून छाती ऐकून घ्या.

बाकी निरोगी मोठ्या कुत्र्यांसाठी दहा दिवसांची सावकाश पद्धत चालते. ती शरीरासाठी नाही, सवयीसाठी आहे. सॉसेज अचानक बंद केल्याने कुत्र्याला काहीही होत नाही. रुसवा मात्र येतो, आणि त्यापुढे हार मानणारे आपणच असतो.

## टप्पा ४: सॉसेज बंद करण्याआधी पर्याय फ्रीजमध्ये तयार हवा

क्रम इथेच चुकतो. पर्याय आधी, बंदी नंतर.

सॉसेज कुत्र्याला का आवडतं याचा विचार करा. त्याला वास भरपूर असतो, ते मऊ असतं आणि चावत न बसता चटकन गिळता येतं. पर्यायातही हे तिन्ही हवं. कडक बिस्किट टेकडीवर हरतं ते यामुळेच.

माझी पद्धत अशी आहे. अर्धा किलो बोनलेस चिकन घ्या, छातीचं, कातडं काढलेलं. साध्या पाण्यात १५ ते २० मिनिटं उकडा. जाडसर तुकडा मध्ये कापून बघा, आत गुलाबीपणा राहता कामा नये. मीठ नाही, आलं-लसूण पेस्ट नाही, सूपचा क्यूब तर अजिबात नाही, कारण क्यूबमध्ये मीठ असतंच आणि बहुतेकदा कांदाही. गार झाल्यावर हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करा. मोठे तुकडे करणं ही नेहमीची चूक आहे. छोटे तुकडे केले की तेवढ्याच खाऊत जास्त वेळा बक्षीस देता येतं.

टेकडीवर न्यायचे असतील तर हे तुकडे ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसवर पाऊण ते एक तास ठेवा. वरून कोरडे आणि आतून चिवट झाले की काढा. ओव्हन नसेल तर बिनतेलाच्या तव्यावर अगदी मंद आचेवर परतत राहा. ओलसरपणा गेला की हात चिकट होत नाहीत आणि वासही टिकतो.

उरलेलं पाणी फेकू नका. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की वर चरबीचा थर गोठतो. तो काढून टाका आणि खालचं पाणी रोजच्या जेवणावर दोन चमचे घाला. नखरे करत जेवणाऱ्या कुत्र्यांसाठी याच्याइतकं उपयोगी मला दुसरं काही मिळालेलं नाही.

तुकडे फ्रीजमध्ये तीन दिवस, बाकीचे छोट्या पुड्या करून फ्रीजरमध्ये. उन्हाळ्यात खिशात तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका आणि उरलेले पुन्हा फ्रीजमध्ये घालू नका.

प्रमाणाचं काय? खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत राहू द्या. ८ किलोच्या आपल्या पॉमसाठी ते सुमारे ५० कॅलरी, म्हणजे नुसत्या उकडलेल्या चिकनचे ३० ग्रॅम. हरभऱ्याएवढे केले तर त्यात भरपूर तुकडे बसतात. ४० ग्रॅमच्या एका सॉसेजमध्ये त्याच्या दीड-दोन पट कॅलरी सहज असतात.

चिकन नको असेल त्या घरांत उकडलेलं अंडं, उकडलेलं रताळं, लाल भोपळा, कच्चं गाजर, काकडी चालेल. द्राक्षं आणि मनुका मात्र कधीच नाही. त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

नेहमीची चूक: रश्श्यातला पीस पाण्याखाली धुऊन देणं. वरचा मसाला धुतला जातो, पण मांसात मुरलेलं मीठ आणि कांदा-लसूण तिथेच राहतं. कुत्र्याचा वाटा फोडणीच्या आधी बाजूला काढायचा.

## टप्पा ५: दहा दिवसांत बदल, आणि गोळी देण्याची नवी रीत

टप्पा ३ मधल्या पहिल्या गटातल्या कुत्र्यांसाठी हे दिवस मोजायचे नाहीत. त्यांना पहिल्या दिवसापासून फक्त चिकन.

बाकीच्यांसाठी एक युक्ती आहे. घट्ट झाकणाच्या डबीत चिकनचे तुकडे भरा आणि त्यात सॉसेजचा एकच तुकडा रात्रभर ठेवा. सकाळी तो तुकडा काढून घ्या. तो द्यायचा नाही, त्याचा फक्त वास हवा. पहिले चार दिवस अशी डबी. पाचव्या दिवसापासून सॉसेजचा तुकडा रात्रभर न ठेवता तासभरच ठेवा. आठव्या दिवशी नुसतं चिकन. या काळात हाक मारल्यावर येण्याचा सराव घरात किंवा गच्चीवर करा. टेकडीवर मोर आणि दुसरी कुत्री असतात, तिथे नव्या खाऊची परीक्षा घेऊ नका.

जेवण नाकारलं तर २० मिनिटांनी भांडं उचला, पाणी मात्र ठेवा. पुढच्या वेळेला तेच जेवण. निरोगी मोठ्या कुत्र्याने एखादं जेवण सोडलं तर काही बिघडत नाही. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही, किंवा पिल्लू असेल आणि एक-दोन जेवणं सोडली, तर तो रुसवा आहे असं समजू नका. डॉक्टरांना फोन करा.

आता गोळीबद्दल, कारण सॉसेज घरात शिरतं ते बहुतेक याच दारातून. माझी चिकू नऊ वर्षांची असताना तिला गोचीड ताप झाला. डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स होता. ती गोळी थुंकायची, म्हणून मी रोज दोन वेळा सलामीच्या कापात गुंडाळून द्यायला लागले. तिसऱ्या आठवड्यात ती उलट्या करू लागली. पाठ कमानीसारखी वाकवून उभी राहायची, पोटाला हात लावू द्यायची नाही. तपासणीत स्वादुपिंडाची सूज निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "जेवणात काही बदल?" मी म्हटलं, "काहीच नाही." मग त्यांनी विचारलं, "गोळी कशातून देता?" सलामीला मी जेवणात धरलंच नव्हतं. सूज सलामीमुळेच आली असं कोणी खात्रीने सांगू शकत नाही, पण दिवसाला दोन काप, तीन आठवडे, हा हिशेब माझ्यासमोर होता. चार दिवस ती सलाईनवर होती.

म्हणून गोळी द्यायची रीत अशी ठेवा:

१. सारखे दिसणारे तीन तुकडे करा: उकडलेलं रताळं, लाल भोपळा किंवा चिकनचा कुस्करा. गोळी मधल्या तुकड्यात.
२. पहिला तुकडा द्या. त्याने तो गिळला की दुसरा, आणि दुसरा तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर धरा. तिसऱ्याच्या घाईत दुसरा गिळला जातो.
३. गोळी धरलेली बोटं तुकड्यांच्या बाहेरच्या बाजूला लावू नका. कडू वास तिथूनच कळतो.
४. वर थोडं पाणी पाजा. डॉक्सिसायक्लिन अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.

थांबा: डॉक्सिसायक्लिन दूध, दही किंवा पनीरमधून देऊ नका. कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही. आणि काही गोळ्या उपाशीपोटीच द्यायच्या असतात, काही तोडायच्या नसतात. प्रत्येक नव्या गोळीबद्दल हे दोन प्रश्न दवाखान्यातच विचारून घ्या.

## टप्पा ६: खाल्लंच तर पहिली पंधरा मिनिटं

हा क्रम पाळा. मधली पायरी गाळू नका.

१. उरलेलं उचला. दुसरं कुत्रं किंवा मांजर असेल तर वेगळ्या खोलीत ठेवा. तोंडात असलेलं ओढू नका, कुत्रं घाईने गिळून टाकतं. चिकनचा तुकडा दाखवून अदलाबदल करा.

२. पाकीट शोधा, फेकू नका. कचऱ्यात गेलं असेल तर काढा. घटकांच्या यादीचा आणि पोषणमूल्यांच्या चौकटीचा फोटो घ्या. प्लॅस्टिकचं आवरण पूर्ण आहे की फाडून खाल्लंय ते बघा. पार्टीतली कॉकटेल सॉसेजं असतील तर टूथपिक मोजा. टूथपिक आतडं भोसकू शकते, म्हणून ही मोजणी मिठाच्या हिशेबापेक्षा महत्त्वाची आहे.

३. किती आणि कधी ते ठरवा. नेमकं माहीत नसेल तर जास्तीत जास्त किती खाल्लं असेल तो आकडा धरा. पदार्थ कांदा-लसूण घालून परतलेला होता का, हेही लिहा. सॉसेज चिलीसारख्या पदार्थात खरा धोका कित्येकदा सॉसेजपेक्षा त्यातल्या कांद्याचा असतो.

४. कुत्र्याकडे बघा. वरचा ओठ उचलून हिरड्यांचा रंग बघा. बोटाने दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. श्वास, चाल, पोट फुगलेलं आहे का, हे बघा. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात खालच्या पापणीची आतली बाजू बघा.

५. फोन करा. गोंधळून गोष्ट सांगत बसू नका. एका दमात सांगा: "कुत्रा आठ किलोचा, वय नऊ, हृदयाची गोळी चालू आहे. वीस मिनिटांपूर्वी दोनशे ग्रॅम पोर्क सलामी खाल्ली, यादीत लसूण पावडर आहे, प्लॅस्टिक खाल्लेलं नाही. एकदा उलटी झाली, हिरड्या गुलाबी आहेत." एवढ्यावर डॉक्टर निर्णय घेऊ शकतात.

६. सांगतील तेच करा. उलटी करवायची की नाही हा निर्णय त्यांचा. तो पहिल्या दोनेक तासांतच उपयोगी पडतो, म्हणून फोन लवकर हवा. टूथपिक किंवा टोकदार हाड गेलं असेल तर उलटी उलट घात करते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यात उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

हे करू नका:

मिठाचं पाणी पाजू नका. उलटी व्हावी म्हणून हे अजूनही सर्रास सुचवलं जातं. आधीच मीठ खाल्लेल्या कुत्र्याला त्याने खरोखर मिठाची विषबाधा होऊ शकते.

"पोट साफ होईल" म्हणून तूप, तेल किंवा एरंडेल देऊ नका. चरबीनेच त्रास होण्याची भीती असताना तुम्ही आणखी चरबी घालताय.

घशात बोटं घालू नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा घरातली दुसरी कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नका.

तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा दिसत असेल तर तो ओढू नका, कापूही नका. तसंच दवाखान्यात न्या.

फोनसाठी न थांबता थेट निघा: झटके, थरथर, तोल जाणं, श्वास लागणं, हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा तपकिरी होणं, पोट टणक फुगणं, पुन्हा पुन्हा कोरड्या उबळा येणं. कोणीतरी गाडीतून फोन करेल, पण गाडी आधी निघू द्या.

## टप्पा ७: पुढचे पाच दिवस

इथे बहुतेकांचं लक्ष सुटतं. कुत्रं संध्याकाळी शेपटी हलवत आलं की प्रकरण मिटलं असं वाटतं. पण प्रत्येक धोक्याची वेळ वेगळी आहे.

पहिले बारा तास मिठाचे. कुत्रं खूप पाणी पितं आणि सारखी लघवी करतं. पाणी अडवू नका, पण एकदम मोठं भांडं रिकामं करून ते उलटत असेल तर थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं द्या आणि डॉक्टरांना कळवा.

तिसऱ्या दिवसापर्यंत स्वादुपिंडाचे. वारंवार उलट्या, जेवणाकडे पाठ, पोट दुखल्यासारखं वागणं. एक खूण लक्षात ठेवा: पुढचे पाय जमिनीवर पसरलेले, छाती खाली, मागचा भाग वर. आळस देताना कुत्रं असं क्षणभर करतं. तसंच मिनिटभर राहिलं किंवा पुन्हा पुन्हा केलं तर त्याचं पोट दुखतंय. दवाखान्यात स्वादुपिंडाच्या लायपेज नावाच्या पाचक द्रव्याची रक्ततपासणी करून घेता येते.

पहिल्यापासून पाचव्या दिवसापर्यंत कांदा-लसणाचे. हिरड्या फिकट किंवा पिवळसर, लघवी लालसर-तपकिरी, जिना चढताना धाप. पहिल्या दिवशी सगळं ठीक होतं म्हणून हे सोडून देऊ नका, कारण रक्तपेशी फुटायला वेळ लागतो.

प्लॅस्टिक किंवा दोरा गेल्याची शंका असेल तर शी रोज बघा. शी झालीच नाही आणि उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी एक्स-रे किंवा सोनोग्राफीसाठी न्या.

जेवण? उलटी नसेल आणि डॉक्टर हो म्हणाले असतील तर कमी चरबीचं, थोडं थोडं, तीन-चार वेळा. मऊ भात आणि उकडलेलं चिकन दोन-तीन दिवस चालतं. तेच महिनाभर चालू ठेवू नका, त्यात बरेच पोषक घटक अपुरे पडतात.

तपासा: रोज सकाळ-संध्याकाळ हिरड्यांचा फोटो एकाच खिडकीच्या उजेडात काढा. रंग हळूहळू बदलतो तेव्हा रोज बघणाऱ्या डोळ्यांना कळत नाही. फोटो शेजारी ठेवले की कळतो.

## टप्पा ८: रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालणाऱ्यांसाठी

तारीख उलटलेली सॉसेजची पाकिटं स्वस्तात किंवा फुकट मिळाली म्हणून रस्त्यावरच्या कुत्र्यांना घातली जातात. हेतू चांगलाच असतो. पण या कुत्र्यांना हिरड्या बघणारं कोणी नसतं, पुढचे पाच दिवस लक्ष ठेवणारं कोणी नसतं आणि उन्हाळ्यात शेजारी पाण्याचं भांडंही बहुतेक नसतं. शिवाय तारीख उलटलेल्या, गोठून वितळून पुन्हा गोठलेल्या मांसात जंतू वाढलेले असू शकतात.

त्याऐवजी चिकनच्या दुकानातून उरलेले मांसाचे तुकडे घ्या. चरबीचे पांढरे गोळे आणि कातडं काढा, बिनमिठाच्या भातात पूर्ण शिजवा आणि सगळी हाडं काढून टाका, कारण शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं. भात कोमट असताना घाला, आधी पाण्याचं भांडं ठेवा. अर्ध्या तासाने परत जाऊन उरलेलं उचला. ज्या कुत्रीला पिल्लं आहेत तिला बाकीच्यांपासून लांब, वेगळ्या पत्रावळीवर वाढा.